खोलीचे डिपॉझिट अडकते कुठे? किरायेदार आणि घरमालक, दोघांनीही समजून घ्यावे असे काही

पवनी तालुक्यातील कोंढा आणि आसपासच्या गावांतून दरवर्षी बारावीनंतर मुले-मुली शिक्षणासाठी बाहेर पडतात. कुणी भंडाऱ्याला, कुणी नागपूरला, तर कुणी थेट पुण्याला. शासकीय वसतिगृहात जागा मिळाली तर ठीक, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून खोली किरायाने घ्यायची. खोली घेताना डिपॉझिट द्यावे लागते. ते पैसे घरी धान विकून, तेंदूच्या हंगामातील मजुरीतून किंवा बचत गटाच्या कर्जातून आलेले असतात. खोली सोडताना मात्र 'रंग खराब झाला', 'नळ तुटला', 'लाइटबिल बाकी आहे' असे म्हणत त्यातले अर्धे जातात. कधी सगळेच जातात.

विषय किरकोळ वाटतो. आपल्या सभा-संमेलनांत यावर कुणी भाषण देत नाही. पण सामाजिक काम करताना आमच्याकडे येणाऱ्या तरुणांच्या अडचणींत हा विषय वारंवार येतो. भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेचे उदाहरण घ्या. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ही योजना २०१६-१७ पासून सुरू झाली. त्या वेळी नागपूर, पुणे, मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यातले निवासासाठीचे २०,०००. म्हणजे महिन्याला सुमारे १,६६७ रुपये. अशा विद्यार्थ्याचे सात-आठ हजारांचे डिपॉझिट बुडाले, तर त्याच्या चार-पाच महिन्यांच्या निवासाची रक्कम गेली. पुढच्या खोलीसाठी पुन्हा घरी हात पसरायचे, नाहीतर कॉलेज सोडून गावी परत यायचे, एवढेच दोन रस्ते उरतात.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: डिपॉझिटचा वाद खोली सोडताना दिसतो, पण त्याचा निकाल खोली घेतली त्याच दिवशी लागलेला असतो. त्या दिवशी कागद केला असेल तर पैसे परत येतात. केला नसेल तर ज्याच्या हातात पैसे आहेत, त्याचेच म्हणणे चालते.

डिपॉझिट हे कुणाचे पैसे?

डिपॉझिट म्हणजे सुरक्षा ठेव. किरायेदाराने किराया थकवला, बिल न भरता निघून गेला किंवा घराचे नुकसान केले, तर त्याची भरपाई करता यावी म्हणून घरमालकाकडे ठेवलेली रक्कम. ती घरमालकाची कमाई नाही. त्याच्याकडे ठेवलेले ते किरायेदाराचेच पैसे आहेत. त्यातून कापायचे असेल तर कशासाठी आणि किती, हे सांगण्याची जबाबदारी कापणाऱ्यावर येते.

आपल्याकडे एक शब्द फार घोळ घालतो. तो म्हणजे 'अ‍ॅडव्हान्स'. मुलगा समजतो, आपण डिपॉझिट दिले. घरमालक म्हणतो, तो तर पहिल्या महिन्याचा किराया होता. दोघेही खोटे बोलत नसतात, शब्दच दुटप्पी आहे. म्हणून पावतीवर 'अ‍ॅडव्हान्स' लिहू नका. 'परत करण्यायोग्य सुरक्षा ठेव' असे स्पष्ट लिहून घ्या.

अकरा महिन्यांच्या कराराचा गैरसमज

'अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी लागत नाही' हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. नोंदणी अधिनियम १९०८ पाहिला तर एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. त्यातून ही अकरा महिन्यांची पद्धत आली. पण महाराष्ट्रात ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ लागू आहे. नागपूर, पुणे, मुंबई अशी ज्या क्षेत्रांना हा कायदा लागू आहे, तिथे त्याचे कलम ५५ सांगते की भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. मुदत अकरा महिन्यांची असली तरीही.

या कलमातील तीन गोष्टी प्रत्येक किरायेदाराने पाठ कराव्यात. पहिली, करार नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. दुसरी, नोंदणी केली नाही तर घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. तिसरी, नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबाबत किरायेदाराचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे घरमालकाला सिद्ध करावे लागते. याच कायद्यानुसार मिळालेल्या किरायाची लेखी पावती देणेही घरमालकावर बंधनकारक आहे.

शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून घेतला, म्हणजे नोंदणी झाली असे नाही. नोंदणी ही दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन होते. खर्चही वाटतो तेवढा नाही. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. महिन्याला ४,००० रुपये किराया, ११ महिने आणि ८,००० डिपॉझिट असे धरले, तर मुद्रांक शुल्क शंभर-दोनशे रुपयांच्या घरात जाते. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. चौघांनी खोली घेतली असेल तर माणशी तीन-चारशे रुपयांत काम होते. एजंट जास्त सांगत असेल, तर तो त्याचा मेहनताना धरून सांगतो.

कोंढ्यासारख्या गावात शिक्षक, आरोग्यसेविका, बँकेतले कर्मचारी किरायाने राहतात आणि व्यवहार बहुतेक तोंडीच असतो. भाडे नियंत्रण कायदा ठरावीक क्षेत्रांनाच लागू असला, तरी गावात कायदाच नाही असे समजू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ आणि करार अधिनियम १८७२ तिथेही आहेतच. नुकसानीचे मूळ नियम त्यांतच आहेत.

झीज कशाला म्हणायचे, नुकसान कशाला?

बहुतेक भांडणे याच प्रश्नावर होतात. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ चा अर्थ सोपा आहे. किरायेदाराने घर जसे घेतले तसे परत द्यावे. मात्र नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि कुणाच्याच हातात नसलेल्या कारणाने झालेला बदल त्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

दोन वर्षांत भिंतीचा रंग फिका पडणे, फरशी थोडी घासली जाणे, पावसाळ्यात छतातून ओल येऊन पोपडे सुटणे ही झीज आहे. खिडकीची काच फोडणे, ओट्याचा दगड तोडणे, दाराची कडी उखडणे, भिंतीत मोठी भोके पाडणे हे नुकसान आहे. पहिल्याचा खर्च घरमालकाचा, दुसऱ्याचा किरायेदाराचा.

मधल्या गोष्टींचे काय? त्यासाठी केंद्र सरकारने जून २०२१ मध्ये मंजूर केलेला आदर्श भाडेकरू कायदा उपयोगी पडतो. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो आपल्याला बंधनकारक होत नाही, पण वाटाघाटीत आधार म्हणून दाखवता येतो. त्यातील वाटणी अशी आहे: घराच्या मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींना चुना-रंग, दारे-खिडक्यांना रंग, नळाच्या पाइपलाइन आणि विजेचे वायरिंग हे घरमालकाने पाहायचे. नळ आणि त्याचे वॉशर, स्विच-सॉकेट, कुलूप, दार-खिडक्यांच्या काचा, सांडपाण्याच्या नाल्यांची सफाई हे किरायेदाराने पाहायचे. राहत्या घरासाठी डिपॉझिट दोन महिन्यांच्या किरायापेक्षा जास्त नसावे, आणि जागा परत घेताना रीतसर वजावट करून उरलेली रक्कम त्याच वेळी द्यावी, असेही तो कायदा म्हणतो.

आता हिशेब करून पाहू. समजा किराया ४,००० आणि डिपॉझिट ८,००० रुपये आहे. मुले २२ महिने राहून खोली सोडतात. घरमालक सांगतो: रंगाचे ४,०००, काचेचे ६००, बाकी लाइटबिल ४५०, साफसफाईचे ५००. एकूण ५,५५० कापून तो २,४५० रुपये हातावर ठेवतो. यात काच मुलांनी फोडली आणि बिलही त्यांचेच आहे. म्हणजे १,०५० रुपयांची वजावट योग्य. खोली झाडून-पुसून दिली असेल तर सफाईचे पैसे लागत नाहीत. रंग जुना होऊन फिका पडला असेल तर तो खर्च मुलांचा नाही. म्हणजे ६,९५० रुपये परत यायला हवेत. फरक ४,५०० रुपयांचा, एका महिन्याच्या किरायापेक्षा जास्त.

मुलांनी स्वयंपाकघराची एक भिंत तेलाने काळी केली असेल, तर त्या एका भिंतीचा खर्च त्यांनी द्यावा. पण रंग आधीच तीन-चार वर्षांचा जुना असेल, तर नव्या रंगाची पूर्ण किंमत मागणे योग्य नाही. जुने बिघडवून नवे द्यायला लावणे म्हणजे भरपाई नव्हे, तो नफा झाला.

'करारातच लिहिले आहे की मुदतीपूर्वी सोडल्यास डिपॉझिट जप्त' असेही काही जण सांगतात. करार अधिनियमाच्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिली, म्हणून ती आपोआप सगळी मिळत नाही. त्या मर्यादेत वाजवी भरपाई तेवढी मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या जमिनीच्या लिलावातील प्रकरणात हे तत्त्व स्पष्ट केले. नुकसानच झाले नसेल तर ठेव गिळता येत नाही, आणि नुकसान सिद्ध करता येण्यासारखे असेल तर ते सिद्ध करावे लागते.

आपली मुले कागद का मागत नाहीत?

याचे उत्तर फक्त अज्ञान असे देऊन चालणार नाही. खोली पाहायला गेल्यावर आडनाव विचारले जाते. आडनावावरून कळले नाही तर 'कोणत्या समाजाचे?' असे विचारले जाते. दोन-तीन ठिकाणी 'खोली आताच गेली' असे ऐकल्यावर चौथ्या ठिकाणी होकार मिळतो. तिथे करार मागायची हिंमत होत नाही. मागितला आणि हीही खोली गेली तर? मग जास्त डिपॉझिटही मान्य केले जाते, पावतीही मागितली जात नाही. खोली सोडतानाही मुले वाद टाळतात.

बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात याच अनुभवातून जावे लागले. परदेशात शिकून आलेला, संस्थानच्या नोकरीत असलेला हा माणूस शहरात घर मिळत नाही म्हणून पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहिला, आणि जात कळताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. शतकानंतर, २०१५ मध्ये, अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील किरायाच्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दलित आणि मुस्लिम घर शोधणाऱ्यांपैकी काहींना सरळ नकार मिळाला. काहींना घर मिळाले, पण जास्त किराया किंवा वेगळ्या अटी घालून. भेदभाव दरवेळी दार बंद करूनच होतो असे नाही. दार उघडून वाढीव पैसे मागणे हाही त्याचाच प्रकार आहे. म्हणून डिपॉझिटची पावती मागणे हा आपल्यासाठी आत्मसन्मानाचाही प्रश्न आहे.

खोली घेताना काय करावे

पैसे शक्यतो मोबाइलवरून पाठवा आणि शेऱ्यात 'डिपॉझिट' लिहा. रोख दिले तर पावती घ्या. पावतीत एवढे पुरे: 'दिनांक अमुक रोजी अमुक पत्त्यावरील खोलीसाठी अमुक यांच्याकडून परत करण्यायोग्य सुरक्षा ठेव म्हणून रु. ८,००० मिळाले. खोली रिकामी केल्यावर थकबाकी व नुकसानीची वाजवी वजावट करून इतक्या दिवसांत परत करीन.' खाली सही आणि तारीख.

सामान आत नेण्याआधी मोबाइलवर खोलीचा व्हिडिओ काढा. भिंती, छतावरची ओल, पंखे, नळ, काचा, संडास, दाराची कुलपे, विजेच्या मीटरचे वाचन, सगळे घ्या. जे आधीच तुटलेले आहे ते जवळून दाखवा. त्याच दिवशी तो व्हिडिओ घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि सोबत दोन ओळी लिहा: 'आज खोली ताब्यात घेतली. मोरीचा नळ गळतो, मागच्या खिडकीची एक काच तडकलेली आहे.' दोन वर्षांनी ही दोन वाक्ये वकिलापेक्षा जास्त कामाला येतात.

आधार कार्ड, मार्कशीट, टीसी यांच्या मूळ प्रती घरमालकाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. पार्टनर मिळून राहत असाल तर डिपॉझिटमध्ये कुणाचे किती हे आपसात लिहून ठेवा. मध्येच एक जण गेला आणि दुसरा आला, तर नव्याने जुन्याचे पैसे द्यायचे की घरमालकाने, हे घरमालकाला सांगून ठरवा. खोलीतले निम्मे वाद पार्टनरांमध्येच होतात.

खोली सोडताना आणि पैसे न मिळाल्यास

करारात लिहिली असेल तेवढ्या दिवसांची सूचना लेखी द्या. 'शेवटच्या महिन्याचा किराया डिपॉझिटमधून वळता करा' असे परस्पर ठरवू नका. घरमालकाने लेखी होकार दिला तरच तसे करा. मुदत संपल्यावरही खोली अडवून बसू नका. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलेल्याला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागू शकते. उलट बाजूने, वाद आहे म्हणून घरमालकाला वीज-पाणी तोडता येत नाही. तेही याच कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे.

शेवटच्या दिवशी घरमालकासोबत खोली पाहा आणि पुन्हा व्हिडिओ काढा. वीजबिल भरल्याची पावती दाखवा, किल्ली देताना तसा संदेश पाठवा. वजावट सांगितली तर तपशील आणि बिल मागा.

पैसे मिळाले नाहीत तर पुढची पायरी लेखी मागणी. रक्कम, तारखा आणि पैसे परत करण्याची मुदत लिहून पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. गावातला वाद असेल तर तंटामुक्त गाव समितीकडे मांडा. २००७ मध्ये सुरू झालेली ही मोहीम अशाच तंट्यांसाठी आहे. तिथे मिटले नाही, किंवा वाद शहरातला असेल, तर त्या ठिकाणच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून जातीचा दाखला असलेल्या आपल्या विद्यार्थ्याला हा हक्क आहे. टोल-फ्री क्रमांक १५१०० आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही. पैसे वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे, म्हणून 'देतो, देतो' यावर वर्षे घालवू नका.

डिपॉझिटचा वाद दिवाणी आहे, त्यात पोलिस फारसे काही करत नाहीत. पण मारहाण, धमकी किंवा चारचौघांत जातीवरून अपमान झाला तर विषय बदलतो. तिथे तक्रार आणि अ‍ॅट्रॉसिटी कायदा हाच मार्ग. मात्र पैशांच्या साध्या वादाला जातीचा वाद म्हणू नये. त्याने खरी तक्रार दुबळी होते.

आपल्यातल्या घरमालकांसाठीही

भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून, शाळांतून, बँकांतून निवृत्त झालेल्या आपल्या लोकांनी घरे बांधली आहेत, आणि वरचा मजला किंवा मागच्या दोन खोल्या किरायाने दिल्या आहेत. त्यांचेही नुकसान होते. तीन महिन्यांचे बिल थकवून रात्रीतून निघून जाणारे किरायेदार असतात. मोटर जाळून गप्प बसणारेही असतात. त्यांनाही कागदच वाचवतो. नोंदवलेला करार, सामानाची यादी आणि दुरुस्तीचे बिल असेल, तर वाजवी वजावटीला कुणी नाही म्हणू शकत नाही. पंचशीलातील दुसरे शील आपण रोज म्हणतो: न दिलेले घेणार नाही. दुसऱ्याची ठेव दाबून बसणे त्यात येते, आणि मोडलेली वस्तू लपवून निघून जाणेही येते.

जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. त्याआधी प्रत्येक विहारात एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास या विषयाला द्यावा. पावतीचा आणि सामानाच्या यादीचा मराठी नमुना टाइप करून ठेवावा. बाहेरगावी जाणाऱ्या मुलामुलींची यादी करून त्यांना तो द्यावा. शहरात आधीपासून राहणाऱ्या दोन कार्यकर्त्यांचे नंबर त्यांच्याकडे असावेत, म्हणजे खोली घेताना आणि सोडताना कुणीतरी सोबत जाईल. अठरा वर्षांचे मूल एकटे उभे राहिले तर घरमालकासमोर बोलत नाही. सोबत एक मोठा माणूस आणि हातात एक कागद असला की बोलते. या उन्हाळ्यात एवढी तयारी करायला कोणत्याही अनुदानाची वाट पाहावी लागत नाही.